मुलीकडची मंडळी

माझी आई सहकारी बँकेच्या जत शाखेची व्यवस्थापक झाली आणि पुढची काही वर्षं तिनं ती शाखा चालवली. हे वाक्य वाचलंत तेवढं पुरे, आता विसरून जा. आमच्या घरात असं काही घडलेलं नाही. पप्पांना विचाराल तर आई त्या काळात माहेरी होती. आत्याला विचाराल तर माहेरीच होती, आणि जरा जास्तच राहिली. मलाही कुणी विचारलं तर मी माहेरीच सांगते, कारण आम्हाला एकदा ठरलेलं बदलायची सवय नाही.

तर जे घडलं नाही, त्याची सुरुवात एका रविवारी मटणाच्या जेवणात झाली.

"मला एक कोट लागणारे," आई वाढता वाढता म्हणाली.

पप्पा नळी ताटावर आपटत होते. "कसला कोट?"

"अंगात घालायचा. मुलाखतीला."

हे विट्याचं घर. पप्पांचं स्टँडजवळ शेतीपंपांचं दुकान, आई बँकेत कर्ज विभागात अधिकारी, मी बारावीला. चौथं माणूस म्हणजे इंदूआत्या, पप्पांची थोरली बहीण. ती दोन गल्ल्या पलीकडं राहायची असं कागदोपत्री होतं. तिचे यजमान तिथं राहायचे, ती आमच्याकडं असायची.

कोटाचं कारण असं, की बँकेनं पुण्याहून व्यक्तिमत्त्व विकासाचे एक सर आणले होते. सरांनी सांगितलं, ग्राहकाचा विश्वास अधिकाऱ्याच्या खांद्यावर बसतो आणि खांदा कोटाशिवाय दिसत नाही. आमचे चेअरमन जन्मापासून पायजमा-शर्टात वावरलेले, पण त्यांना हे एकदम पटलं. परिपत्रक निघालं, शाखा व्यवस्थापकपदाच्या उमेदवारांनी मुलाखतीस कोटात यावे. महिलांनी साडीवर कोट घालावा.

"साडीवर कोट?" आत्या म्हणाली. "बँडवाली दिसशील, शैला."

"बँडवाल्यांचा लाल असतो, वन्सं. मी काळा घेणार."

"काळा वकिलाचा असतो."

"मग चॉकलेटी घेते."

"चॉकलेटी..." आत्यानं आठवून बघितलं, पण चॉकलेटी कोटाविरुद्ध तिला काही सापडलं नाही. म्हणून तिनं भाताकडं मोर्चा वळवला. "भात जरा फडफडीत झालाय."

"कितीला येतोय?" पप्पांनी विचारलं.

"अठराशेला."

"एका मुलाखतीसाठी? कोण बघतंय कोट?"

"मुलाखत घेणारे बघतायत. तेवढ्यासाठीच घालायचाय."

"बरं, आणि झालीस पास, तर शाखा कुठली?"

"जतची जागा रिकामी आहे."

पप्पांनी नळी ताटात ठेवली. "जत म्हणजे रोज येऊन-जाऊन जमायचं न्हाई."

"खोली घेईन. शनिवारी येत जाईन."

"आणि घर कोण बघायचं?" आत्यानं विचारलं.

मी सहज घराकडं बघितलं. ते होतं तिथंच होतं. पण हा प्रश्न आमच्याकडं असा विचारला जायचा, की जणू आईनं नजर काढली तर घर उठून कुठंतरी चालू लागेल.

पप्पा हात धुवायला उठले आणि मोरीतून म्हणाले, "विचार करू."

इथं थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या घरात 'नाही' हा शब्द वापरत नसत. तो असंस्कृत मानला जायचा. त्याऐवजी 'विचार करू' म्हणत. माझ्या स्कूटीचा विचार मी सातवीत असल्यापासून चालू होता आणि त्यात बरीच प्रगती होती असं पप्पांचं म्हणणं होतं. आई दिवसभर बँकेत लोकांच्या ट्रॅक्टरची कर्जं मंजूर करायची. बागायतदार माणसं तिच्यासमोर टोपी काढून बसायची. संध्याकाळी ती पप्पांकडं कोथिंबिरीला सुटे मागायची, कारण तिच्या पगाराचं कार्ड पप्पांच्या शर्टाच्या खिशात असायचं. पप्पा म्हणायचे, तिच्या पर्समध्ये ते हरवेल. त्यांचं खरं असावं. पर्समध्ये ते कधी गेलंच नाही, त्यामुळं कधी हरवलंही नाही.

पुढच्या आठवड्यात एके संध्याकाळी आईनं लोखंडी कपाटाचा वरचा कप्पा उघडला आणि त्यातून पप्पांच्या लग्नातला सूट काढला. चॉकलेटी, थ्री-पीस, खिशांत डांबराच्या गोळ्या.

हा सूट माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी केलेला. आमच्याकडं नवऱ्या मुलाचा सूट मुलीकडच्यांनी करायचा असतो. आजोबा पलूसला शिक्षक होते. त्यांनी सांगलीहून कापड आणलं, पप्पांना पाटावर बसवून, कुंकू लावून तो मान दिला. पप्पांनी तो वरातीपुरता घातला आणि घोड्यावरून उतरल्यावर काढून ठेवला तो ठेवलाच. दरवर्षी दिवाळीत त्याला ऊन दाखवायचं आणि परत आत. पप्पा सगळ्या लग्नांना पांढऱ्या शर्टात जायचे. सूट हा घालायचा नसतो, तो मिळालेला असतो.

"आई, हा पप्पांचा आहे," मी म्हणाले.

"बघू, कुणाला बसतो ते."

आम्ही तो पिशवीत घालून शौकतभाईंकडं गेलो. शौकतभाई आमच्या घराचे जुने टेलर. बोलायला लागले की मशीन थांबायचं, आणि त्यांचं मशीन बहुतेक थांबलेलंच असायचं.

"वहिनी, हा तर दादांचा कोट."

"हो. मला बसवून द्यायचाय. खांदे कमी करा, बाह्या आखूड, कंबरेत घ्या."

शौकतभाईंनी टेप गळ्यात अडकवला आणि काढून परत ठेवला. "दादांना माहिती आहे?"

"त्यांचा विचार चाललाय."

"मग मी कापू, का थांबू?"

"तुम्ही कापा. ते विचार करतील."

शौकतभाईंनी कापलं. शिलाई आईनं कोथिंबिरीच्या सुट्ट्या पैशांतून दिली. म्हणजे त्याआधीचा महिनाभर आम्ही कोथिंबीर खाल्लीच नव्हती, हे मला दुकानात उभी असताना कळलं. घरात दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी आई बँकेत साडीवर गेली, कोट पिशवीतून नेला आणि बाथरूममध्ये चढवला. पुण्याचे सर म्हणाले, मॅडम, तुमच्या खांद्यांतून निर्णय दिसतो. चेअरमनना तिच्या वसुलीचे आकडे दिसले असावेत. दोन दिवसांत आदेश आला. शैलजा हणमंत पिसे, जत शाखा, येत्या सोमवारी हजर व्हावे. न झाल्यास पुढच्या उमेदवाराला संधी देण्यात येईल.

"चांगलं झालं," पप्पा म्हणाले. "विचार करू."

"पेढे आणू का?" मी विचारलं.

"नको. पेढे वाटले की नक्की झालं असं होतंय."

आत्या म्हणाली, "मिळाली हेच खूप झालं. मिळाली म्हणून घेतलीच पाहिजे असं काही असतंय व्हय?"

त्या संध्याकाळी आई कणीक मळत होती, आणि एरवी मळते त्यापेक्षा जास्त वेळ मळत होती.

"तू सरळ जा की," मी म्हणाले.

"जाईन. बस आहे, पाय आहेत. पण मग शनिवारी परत येईन तेव्हा घर सोडून गेलेली बाई म्हणून येईन. मग तुझ्या लग्नापर्यंत, आणि लग्नातसुद्धा, 'ती घर सोडून गेली होती ती हीच.'" तिनं कणकेवर झाकण ठेवलं. "ह्यांच्या तोंडून 'जा' आलं पाहिजे, केती. आणि चारचौघांत आलं पाहिजे. एकट्यात आलेलं ह्यांना दुसऱ्या दिवशी आठवत नाही."

"आणि नाही आलं तर?"

"तर कर्ज विभाग. निवृत्तीपर्यंत. ट्रॅक्टर."

एवढंच बोलली. पोळ्या मात्र त्या दिवशी फार मऊ झाल्या.

शुक्रवारी पप्पा शौकतभाईंकडं पँट आणायला गेले. शौकतभाईंनी पँट दिली, पैसे घेतले आणि मनापासून सांगितलं, "दादा, तुमचा कोट वहिनींना काय बसलाय म्हणून सांगू." शिवाय त्यांचं एक तत्त्व होतं, कापड गिऱ्हाइकाचं तर कातरणही गिऱ्हाइकाचं. त्यांनी कातरणाची पिशवी पप्पांच्या हातात ठेवली.

पप्पा घरी आले आणि ती पिशवी टीपॉयवर रिकामी केली. चॉकलेटी त्रिकोण, चॉकलेटी पट्ट्या. ते त्यांनी एकेक करून सरळ केले, पोलीस पंचनाम्याला करतात तसे.

"हे काय आहे?"

"कातरण," आई म्हणाली.

"कशाचं?"

"कोटाचं."

"कुणाच्या कोटाचं?"

"आता माझ्या."

पप्पा खाली बसले. "आक्काला बोलव," ते मला म्हणाले. आत्या आतल्या खोलीतच होती.

आत्यानं बाहेर येऊन कातरण बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "मान कापला गं."

"वन्सं, कोट कापलाय. माझ्या वडिलांनी केलेला."

"दिला तेव्हा त्यांचा ऱ्हायला न्हाई. तो ह्याचा झाला."

"ह्यांना बसत नाही. हे घालत नाहीत."

"देवापुढं ठेवलेला नारळ देव खातो व्हय? म्हणून तू उचलून चटणी करशील?"

पप्पांना यात आपण देव आहोत एवढं ऐकू आलं आणि त्यांना जोर चढला. "बसत नाही कोण म्हणतंय? आण तो इकडं."

आईनं कोट आणून दिला. पप्पांनी उजवा हात घातला, तो कोपरापर्यंत गेला आणि थांबला. त्यांनी डावा पाठीमागून नेला. मग तो पुढंही येईना आणि मागंही जाईना. मी एक बाही धरली, आईनं दुसरी धरली आणि आत्यानं पप्पांनाच धरलं. कोटात अर्धे अडकलेले पप्पा भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "म्हणजे माझ्याकडं आता समारंभाला घालायला काही उरलं नाही."

ते गहिवरले होते. ज्या समारंभांना ते कोट घालून गेले नव्हते, ते सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावेत.

यानंतर घरात जत हा विषयच राहिला नाही. आदेश फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होता आणि येता-जाता सगळे कोटाबद्दल बोलत होते. पप्पा दुकानात गेले नाहीत. कातरण टीपॉयवरून कुणी उचललं नाही. आत्या आपल्या घरी जाऊन यजमानांना भेटून आली, इतकं प्रकरण गंभीर होतं. आल्यावर तिनं निकाल दिला.

"मान पुन्हा करायचा. मुलीकडच्यांनी नवा सूट द्यायचा. पाट मांडून, कुंकू लावून, लोकांदेखत. तवा झाला तसाच."

"मुलीकडचं आता कोण आहे, वन्सं?" आई म्हणाली. "वडील गेले. भाऊ मला नाही."

आत्यानं यावर खरोखरच विचार केला. "तू हैस की. तू मुलीकडचीच."

आई पातेलं घासत होती. तिचा हात जरा मंद झाला. "म्हणजे मी माझ्या वडिलांच्या जागी उभी राहू?"

"व्हय."

"त्यांनी जे केलं ते सगळं करू?"

"सगळं. कमी न्हाई, जास्त न्हाई."

"आणि त्या जागेवरून मी जे बोलेन, ते त्यांचं बोलणं धरायचं?"

"व्याह्याच्या जागेवर उभी ऱ्हायली की व्याह्याचंच बोलणं. त्यात काय विचारतीस?"

"बरं," आई म्हणाली आणि पातेलं विसळलं.

प्रश्न राहिला पैशांचा, पण तो राहिला म्हणता येणार नाही. पप्पांनी खिशातून कार्ड काढलं, मोटारसायकलला किक मारली, एटीएममधून आईच्या पगारातले पैसे काढले आणि आणून आईच्या हातात ठेवले. तिनं त्यांना मान द्यावा म्हणून. यात विचार असा त्यांनी कुठंच केला नाही. कापड दुकानातही तेच पुढं होते. सूटपीस त्यांनी उंची निवडला, कारण देणाऱ्याची पत दिसली पाहिजे.

"एवढ्यात माझे तीन कोट आले असते," आई परत येताना म्हणाली.

"कोटाचा प्रश्नच कुठं आहे?" पप्पा म्हणाले. "मानाचा आहे."

रविवारी सकाळी हॉलमध्ये पाट मांडला. भोवती रांगोळी माझी. मान लोकांदेखत झाला पाहिजे म्हणून आत्यानं शेजारचे देशमाने काका-काकू बोलावले होते, आणि सूटचं माप जागेवरच घेता यावं म्हणून शौकतभाई. पप्पा अंघोळ करून, नवी टोपी घालून पाटावर बसले. असे टवटवीत मी त्यांना बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

आई आतून आली ती साडीवर तोच चॉकलेटी कोट घालून.

आत्यानं भुवया चढवल्या. "हे कशाला?"

"वडील त्या दिवशी कोटातच आले होते, वन्सं. कमी नाही, जास्त नाही."

आत्याला आठवलं. तिला सगळ्यांच्या लग्नातलं सगळं आठवायचं. तिनं कुंकवाची वाटी पुढं केली.

आईनं पप्पांना कुंकू लावलं, अक्षता लावल्या, नारळ आणि सूटपीस त्यांच्या मांडीवर ठेवला. आत्या शेजारून सांगत होती. "म्हण, जावईबापू, गोड मानून घ्या."

"जावईबापू, गोड मानून घ्या."

"म्हण, काही कमी-जास्त झालं असंल तर पोटात घाला."

"काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला."

"आनंद आहे, आनंद आहे," पप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. सूटपीसवरून हात फिरवत ते पुरते त्या दिवसात जाऊन पोचले होते, आणि समोर आई आहे हे बहुतेक विसरले होते. "बसा की, पावणं. उभं का? च्या घ्या." मग मान वळवून त्यांनी आत हाक मारली, "अगं, च्या टाक दोन कप."

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. हाक आत गेली, भिंतीला लागली आणि बाहेर आली. देशमाने काकूंनी पदराआड खोकला काढला.

"चहा राहू द्या," आई म्हणाली, आणि तिनं हात जोडले. आवाज तिचाच होता, पण पाठ मी कधी बघितली नव्हती इतकी ताठ होती. कोटाला खांदे आहेत हे मला तेव्हा दिसलं. "आम्ही आलोय ते आमच्या पोरीला न्यायला. लई वर्षं झाली, पोर माहेरपणाला आली नाही. पाठवता का?"

हे आत्यानं सांगितलेलं नव्हतं. आत्याचं तोंड अर्धवट उघडलं.

पण पप्पा रंगात होते. कपाळावर कुंकू, मांडीवर मान, समोर चार माणसं, आणि सासरा हात जोडून उभा. असा माणूस काय म्हणणार, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. "न्या की," ते हात पसरून म्हणाले. "विचारताय काय? तुमचीच पोर आहे. खुशाल न्या."

"उपकार झाले. उद्या सकाळच्या जत गाडीनं नेतो."

शौकतभाई पप्पांच्या पोटाभोवती टेप धरून बसले होते, तो त्यांनी तसाच धरून ठेवला.

"जत?" आत्या म्हणाली. "तुमचं गाव पलूस."

"वडील होते तोवर पलूस. आता पलूसच्या घरात परकी माणसं राहतात. आता मुलीकडचं मी आहे. मी नेतो ते माहेर."

पप्पांच्या चेहऱ्यावरून तो लग्नाचा दिवस हळूहळू उतरला. त्यांनी फ्रिजकडं बघितलं. "थांब, थांब. जतचं आपलं अजून... विचार क..."

"हणमंता," आत्या म्हणाली.

मी आत्याला पप्पांवर आवाज चढवताना त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

"सूट मांडीवर हाय तुझ्या. कुंकू लावून घेतलंयस. व्याही हात जोडून पोर मागतोय आन तू लोकांदेखत न्या म्हणालास. आता विचार करतोस?"

"आक्का, अगं पण ही..."

"ही कोण? हितं व्याही उभा हाय. मीच उभा केलाय." ती भिंतीला टेकली. तिचा चेहरा असा झाला होता, की जणू स्वतःच बांधलेल्या गाठीत स्वतःचंच बोट अडकलंय. पण तिनं ओढून काढलं नाही. आईबद्दल तिला काय वाटत होतं मला माहीत नाही. मान मात्र तिला खरोखरच कळत होता, आणि कळलेल्या गोष्टीत ती खोटं बोलत नसे.

देशमाने काका घसा खाकरून म्हणाले, "न्या म्हटल्यावर झालं की, पिसे. आता माघार बरी दिसत न्हाई."

"किती दिवस?" पप्पांनी विचारलं. कुणाकडं बघून विचारावं हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते नारळाकडं बघत होते.

"पोरीचं मन भरेस्तोवर," आई म्हणाली, आणि वाकून पप्पांना नमस्कार केला, व्याही करतात तसा, छातीशी हात नेऊन. मग ती आत गेली आणि दोन कप चहा टाकला.

सोमवारी ती गेली. पप्पा स्टँडवर सोडायला गेले, बॅग त्यांनीच वर ठेवली. शनिवारी ती आली, आणि सोमवारी परत गेली. नोकरी हा शब्द कुणी काढला नाही. 'शैला कुठंय?' असं कुणी विचारलं की आत्या सांगायची, माहेरी. ते खोटं नव्हतं, चार माणसांदेखत ठरलेलं होतं. दोनेक महिन्यांनी गल्लीत कुजबुज सुरू झाली, कारण बाई इतके दिवस माहेरी राहते त्याला लोकांकडं एकच कारण असतं. माझी आई तेव्हा पंचेचाळिशीला आलेली. कोपऱ्यावरच्या मांजरेकाकूंनी डिंकाचे लाडू करून पाठवले. आत्यानं ते ठेवून घेतले. परत करायचे तर नोकरीचं सांगावं लागलं असतं. लाडू मी आणि पप्पांनी खाल्ले, चांगले झाले होते. बाळ काही आलं नाही, तेव्हा गल्लीनं आमच्याबद्दल थोडं वाईट वाटून घेतलं आणि तोही विषय मिटला.

पगाराचं खातं आईनं जत शाखेत नेलं. अर्ज तिचा, मंजुरीही तिचीच. जुनं कार्ड पप्पांच्या खिशात राहिलं. ते आजही हरवलेलं नाही, फक्त त्यातून काही निघत नाही. पहिल्याच दिवाळीत माझी स्कूटी आली. पप्पा लोकांना सांगतात, विचार करून घेतली.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. मी पुण्यात असते, नोकरी करते, मला दोन वर्षांची मुलगी आहे. गेल्या आठवड्यात कंपनीनं मला नागपूरचं ऑफिस सांभाळायला सांगितलं. घरी सांगितलं तेव्हा कुणीही ओरडलं नाही. माझे सासू-सासरे शिकलेले आहेत आणि नवरा भांडीसुद्धा घासतो. तो म्हणाला, "ग्रेट. आपण सगळे शांतपणे बसून बोलू." सासूबाई म्हणाल्या, "तुझं करिअर आहे, तूच ठरव. फक्त पिल्लूचं काय ते आधी बघ." आम्ही रोज शांतपणे बसतो. मुदत शुक्रवारी संपते. मी पप्पांना फोन केला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "जावईबापूंचं काय म्हणणं आहे?"

म्हणून हा अर्ज.

प्रति,
मा. सक्षम अधिकारी, जे कोणी असतील ते.

विषय: 'मुलीचे वडील' या पदावर तात्पुरती नेमणूक करणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराच्या बाबतीत सदर पदाचे विद्यमान धारक हयात, सुदृढ व सर्वस्वी जावयाच्या बाजूचे आहेत. त्यामुळे सदर पद प्रत्यक्षात रिक्त समजण्यात यावे. अर्जदाराची आई श्रीमती शैलजा हणमंत पिसे यांना या कामाचा अनुभव असून त्यांची मागील कामगिरी समाधानकारक आहे. सबब, त्यांची सदर पदावर येत्या गुरुवारपुरती नेमणूक करण्यात यावी, त्यांना अर्जदाराच्या सासरी येऊन अर्जदारास व नातीस नागपूर येथे नेण्याचे अधिकार प्रदान करण्यात यावेत, आणि त्या जे बोलतील ते वडिलांचे बोलणे धरण्यात यावे, ही नम्र विनंती.

आदेश गुरुवारपूर्वी मिळावेत. येण्या-जाण्याचा खर्च अर्जदार करील.